जुनी लेन्स, नवा मिररलेस: ॲडॉप्टर लावण्याआधी आणि लावल्यानंतर

घरातल्या कपाटात झेनिट, याशिका, पेंटॅक्स किंवा निकॉनचा फिल्म कॅमेरा पडून असेल, तर त्यावरची लेन्स आजच्या मिररलेस (आरसा नसलेल्या) डिजिटल कॅमेऱ्यावर लावता येते. बहुतेक लेन्स चालतात, आणि चांगल्या चालतात. अडचण येते ती लेन्समुळे कमी आणि मधल्या ॲडॉप्टरमुळे जास्त. साध्या ॲडॉप्टरमध्ये काच नसते, मोटर नसते, तारा नसतात. ती फक्त ठरावीक जाडीची धातूची कडी असते. त्यामुळे ती जाडी बरोबर आहे की नाही, यावरच सगळं अवलंबून असतं.

जाडी कुठून येते

लेन्सची बैठक आणि फिल्म किंवा सेन्सर यांच्यातलं अंतर प्रत्येक माउंटला, म्हणजे लेन्स जोडायच्या पद्धतीला, ठरलेलं असतं. फिल्म एसएलआरमध्ये मधे आरसा हलायला जागा लागायची, म्हणून हे अंतर ४० मिलिमीटरच्या पुढे असायचं. मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे ते १६ ते २० मिलिमीटरवर आलं. उरलेली जागा ॲडॉप्टर भरून काढतो. सगळे आकडे मिलिमीटरमध्ये:

- जुन्या लेन्स: निकॉन एफ ४६.५, ऑलिंपस ओएम ४६, काँटॅक्स-याशिका ४५.५, एम४२ आणि पेंटॅक्स के ४५.४६, कॅनन ईएफ ४४, मिनोल्टा एमडी ४३.५, कॅनन एफडी ४२, लायकाचा एम३९ आटा २८.८, लायका एम २७.८
- नव्या बॉडी: कॅनन आरएफ आणि एल माउंट २०, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५, सोनी ई १८, फुजी एक्स १७.७, निकॉन झेड १६

वरच्या आकड्यातून खालचा वजा केला की ॲडॉप्टरची जाडी मिळते. एम४२ लेन्स सोनीवर लावायची तर २७.४६, निकॉन एफ लेन्स झेडवर लावायची तर ३०.५. दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ असतील की मधे कडी मावणारच नाही, तर काच असलेला ॲडॉप्टर लागतो. एसएलआर बॉडीवर हा त्रास व्हायचा. मिररलेसवर तो जवळजवळ संपला आहे.

आता चुकीची किंमत पाहू. ५० मिलिमीटरची लेन्स आहे आणि ॲडॉप्टर ०.१ मिलिमीटर जाड निघाला, तर लेन्स इन्फिनिटीवर (अनंत अंतराच्या खुणेवर) टेकवूनही फोकस २५ मीटरच्या पुढे जात नाही. तोच ॲडॉप्टर २८ मिलिमीटरच्या लेन्सला लावला तर फोकस आठ मीटरच्या आतच अडकतो. १३५ मिलिमीटरला मात्र १८० मीटरपर्यंत पोहोचतो, म्हणजे चूक सहसा लक्षातही येत नाही. म्हणून नवा ॲडॉप्टर आला की आधी जवळची सर्वांत वाइड लेन्स लावून तपासावा.

ही भीती असल्यामुळे बरेच उत्पादक ॲडॉप्टर मुद्दाम किंचित पातळ बनवतात. मग इन्फिनिटी खुणेच्या थोडी अलीकडेच मिळते. फोटो काढायला त्याने अडत नाही, पण लेन्सवरचे अंतराचे आकडे खोटे ठरतात. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

माउंट ओळखताना होणाऱ्या दोन चुका

बेयोनेट (खाचांत अडकवून फिरवायचे) माउंट खाचांवरून ओळखता येतात. फसगत होते ती आट्यांच्या लेन्समध्ये.

पहिली चूक एम३९ ची. लायकाच्या पद्धतीच्या रेंजफाइंडर (आरसा नसलेल्या, वेगळ्या खिडकीतून फोकस करायच्या फिल्म कॅमेऱ्यांच्या) लेन्स आणि झेनिटच्या सुरुवातीच्या एसएलआर लेन्स, दोन्हींचा व्यास ३९ मिलिमीटर. एकीचा ॲडॉप्टर दुसरीवर सहज बसतो. पण लायकाचं अंतर २८.८ आणि झेनिटचं ४५.२. झेनिटची लेन्स लायकाच्या ॲडॉप्टरवर लावली की ती सेन्सरच्या १६ मिलिमीटर जास्त जवळ जाते आणि काहीच फोकस होत नाही. लेन्स बिघडलेली नसते. अशा वेळी एम३९ ते एम४२ ची पातळ कडी लावून एम४२ चा ॲडॉप्टर वापरावा.

दुसरी चूक जास्त महागात पडते. एम४२ च्या आट्यांचं अंतर १ मिलिमीटर असतं, तर टी-माउंट या दुसऱ्या आट्यांच्या पद्धतीत ०.७५. व्यास दोन्हींचा ४२ च. एकावर दुसरं अर्धा-एक फेरा फिरतं आणि अडतं. तिथे जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे कापले जातात आणि लेन्स कायमची बाद होते. अडलं की थांबा आणि उलटं फिरवून काढा.

लेन्स विकत घेताना

पुण्यात जुन्या बाजारात रविवारी आणि बुधवारी जुने कॅमेरे पथारीवर दिसतात. तिथे जाताना खिशात मोबाइल असला की पुरतं, कारण खरी तपासणी टॉर्चवरच होते.

ॲपर्चर (लेन्समधलं पात्यांचं, लहान-मोठं होणारं छिद्र) पूर्ण उघडा. लेन्सच्या मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं पाहा. सरळ पाहिलं तर फक्त धूळ दिसते. थोडीफार धूळ प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असते, तिचा फोटोवर परिणाम होत नाही. शोधायची आहे ती बुरशी: काचेच्या कडेपासून आत शिरणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. पुण्यात चार पावसाळे बंद चामडी केसमध्ये काढलेल्या लेन्समध्ये ती हमखास सापडते. केसच्या चामड्यात ओल धरून राहते, म्हणून केस कितीही देखणी असली तरी लेन्स तिच्यात ठेवू नये. कडेला चार धागे असतील तर फोटोत काही दिसत नाही आणि कारागीर ती साफ करू शकतो. बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर मात्र साफ केल्यावरही काचेवर नक्षी उरते.

यानंतर ॲपर्चरची पाती पाहा. ती कोरडी आणि मॅट दिसायला हवीत. ओली चमक दिसली तर हेलिकॉइडचं (फोकसच्या आट्यांचं) ग्रीस वितळून पात्यांवर आलं आहे. मिररलेसवर आपण ॲपर्चर हाताने बंद करून ठेवतो, त्यामुळे पाती सावकाश बंद झाली तरी काम चालतं. जुन्या एसएलआरवर चाललं नसतं. म्हणून तेलकट पात्यांची लेन्स किंमत पाडून घ्यायला हरकत नाही. फोकस रिंग दगडासारखी घट्ट असेल, तर साफसफाईचा खर्च किमतीत धरा.

काच पिवळसर दिसली तर घाबरू नका. आसाही पेंटॅक्सच्या सुपर-टाकुमार ५० मिलिमीटर एफ १.४ च्या सात भिंगांच्या आवृत्तीत थोरियम मिसळलेली काच आहे आणि ती वर्षानुवर्षांत पिवळी पडते. रोज काही तास खिडकीतल्या उन्हात ठेवली की काही आठवड्यांत पिवळेपणा बराच उतरतो. दुसऱ्या बाजूचं झाकण लावून ठेवा आणि ऊन थेट पडद्यावर किंवा लाकडावर एकवटणार नाही असं पाहा, कारण ती शेवटी भिंगच आहे. थोरियमची काच किरणोत्सारी असते. वापरायला अडचण नाही, पण ती घासू-फोडू नये.

कुठला ॲडॉप्टर

लेन्सवर ॲपर्चर रिंग असेल तर साधा यांत्रिक ॲडॉप्टर पुरतो. रिंग नसेल तर आधी नीट विचार करा.

कॅनन ईएफ लेन्सचं ॲपर्चर विजेवर चालतं. साध्या कडीवर ती कायम पूर्ण उघडी राहते. तिला संपर्कबिंदू असलेलाच ॲडॉप्टर हवा. कॅनन आरएफ बॉडीवर कंपनीचाच ईएफ-ईओएस आर ॲडॉप्टर लावला की ऑटोफोकससह सगळं चालतं.

निकॉनच्या जी लेन्सवर रिंग नसते, पण मागे एक दांडी असते. तिच्यासाठी स्वतःची रिंग असलेला ॲडॉप्टर मिळतो. त्या रिंगवर एफचे आकडे नसतात, अंदाजाने फिरवावी लागते. झेड बॉडीवर निकॉनचा एफटीझेड ॲडॉप्टर असेल तर एएफ-एस लेन्सला (मोटर लेन्समध्येच असलेल्या) ऑटोफोकस मिळतो. एएफ-डी लेन्सला मिळत नाही, कारण तिची फोकसची मोटर बॉडीत असायची आणि एफटीझेडमध्ये मोटर नाही. पुण्यात घरोघरी असलेली ५० मिलिमीटर एफ १.८ डी याच गटातली. एफटीझेडवर तिची रिंग २२ वर नेऊन कुलूप लावा, ॲपर्चर बॉडीवरून बदलेल. साध्या कडीवर मात्र कुलूप उघडून रिंग हाताने फिरवायची. नेमकं उलटं.

एम४२ मध्ये लेन्सच्या मागे एक बारीक पिन असते. लेन्सवर ऑटो-मॅन्युअल बटण असेल तर ते मॅन्युअलवर ठेवा. नसेल तर पिन दाबून धरणारी आतली कड असलेला ॲडॉप्टर घ्या, नाहीतर रिंग फिरत राहते आणि पाती हलत नाहीत. झेनिटवर येणाऱ्या हेलिओस ४४-२ ला ही अडचण नाही. तिच्यावर दोन रिंगा असतात, एकीने ॲपर्चरची मर्यादा ठरवायची आणि दुसरीने पाती उघडायची-मिटायची. कॅनन एफडीच्या ॲडॉप्टरवर उघडा-बंद अशी फिरणारी कडी असते. लेन्स चढवताना ती ‘ओपन’वर ठेवायची, चढल्यावर ‘लॉक’कडे न्यायची, आणि लेन्सची रिंग हिरव्या ‘ए’वर असता कामा नये.

एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) बॉडी असेल तर ०.७१ पट फोकल रिड्यूसरचाही पर्याय आहे. यात काच असते. ५० ची लेन्स ३५ सारखी वागते आणि एक स्टॉप उजेड वाढतो, म्हणजे दुप्पट होतो. काच स्वस्तातली असेल तर कोपरे मऊ पडतात, म्हणून इथे काटकसर करू नये.

ॲडॉप्टर हातात आल्यावर

लेन्स ॲडॉप्टरवर चढवा आणि हलकेच पिळून पाहा. फिरण्याच्या दिशेने किंचित हालचाल असेल तर चालेल. पुढे-मागे डुगडुगत असेल तर आतल्या पट्टीच्या स्प्रिंग बारीक स्क्रूड्रायव्हरने केसभर बाहेर काढा. एकदम जास्त नको, पट्टी मोडते.

मग आतून पाहा. ॲडॉप्टरची आतली भिंत चकचकीत असेल तर तिच्यावरून उजेड परावर्तित होऊन सेन्सरवर पडतो आणि फोटो धुरकट येतो. बऱ्याच जणांना ती ‘जुन्या लेन्सची मऊ छटा’ वाटते, पण दोष कडीचा असतो. चिकट पाठीचा काळा मखमली कागद कापून आत लावा. लेन्सच्या पिनेला किंवा दांडीला तो अडणार नाही, एवढी जागा सोडा. एकाच लेन्सने खिडकीसमोर आधीचा आणि नंतरचा फोटो काढून पाहा. सावल्यांमधला काळा रंग परत येतो.

व्हर्निअर कॅलिपर असेल तर जाडी चार ठिकाणी मोजा. चारही आकडे ०.०२-०.०३ च्या आत जुळायला हवेत. एका बाजूला जास्त फरक असेल तर लेन्स तिरकी बसते आणि फोटोचा एकच कोपरा कायम मऊ येतो.

इन्फिनिटी तपासायला पुण्यातल्या पर्वती टेकडीसारखी जागा नाही. पावसानंतरच्या स्वच्छ सकाळी १०३ पायऱ्या चढून वर जा आणि नैर्ऋत्येला सिंहगडावरच्या टॉवरकडे लेन्स रोखा. हवेतलं अंतर साधारण १७ किलोमीटर आहे, कुठल्याही जुन्या लेन्ससाठी ते अनंतच. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवा, मॅग्निफायर (पडद्यावरचं चित्र मोठं करून दाखवणारी सोय) सुरू करा आणि रिंग टोकापर्यंत न्या. टॉवरची रेघ टोकाला पोहोचण्याआधी सर्वांत स्पष्ट होऊन पुन्हा मऊ होत असेल तर ॲडॉप्टर पातळ आहे. टोकापर्यंत ती स्पष्टच होत नसेल तर जाड आहे, तो परत करा. पातळ असलेला दुरुस्त होतो: बऱ्याच ॲडॉप्टरमध्ये मागची चकती चार स्क्रूंवर असते, तिच्याखाली ०.०५ मिलिमीटरच्या पितळी पत्र्याच्या कातरलेल्या कड्या घालत जायचं. तिथेच टॉवर फ्रेमच्या चारही कोपऱ्यांत आळीपाळीने ठेवून एफ ४ ला एकेक फोटो घ्या. तिरकेपणाही कळतो.

चढवणं आणि सेटिंग

कॅमेरा बंद करा, तोंड खाली धरा. आधी लेन्स ॲडॉप्टरवर, मग जोडी बॉडीवर. काढताना उलट क्रम: बॉडीचं बटण दाबून जोडी काढायची, मग टेबलावर शांतपणे लेन्स सोडवायची. २०० मिलिमीटर किंवा त्याहून जड लेन्स असेल तर वजन हातावर किंवा तिच्या कॉलरवर घ्या, बॉडीच्या माउंटवर टांगू नका. आत ढकलता येणाऱ्या रेंजफाइंडर लेन्स बॉडीवर असताना आत ढकलू नयेत. ज्युपिटर-१२ सारख्या लेन्सची मागची काच खूप आत येते, ती लावण्याआधी बॉडीतली जागा तपासा.

लेन्स लावली आणि शटर दबत नाही? कॅमेऱ्याला लेन्स लावलेलीच नाही असं वाटतं आहे. सोनी, फुजी, कॅनन आणि पॅनासॉनिक या सगळ्यांत लेन्सशिवाय शटर सोडण्याची परवानगी देणारी ओळ मेन्यूत असते, ती सुरू करा. निकॉन झेडमध्ये ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’त फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) आणि कमाल ॲपर्चर भरा.

बॉडीत स्टॅबिलायझर (हाताचा कंप सेन्सर हलवून भरून काढणारी यंत्रणा) असेल तर फोकल लेंग्थ हाताने सांगावीच लागते. सोनीत स्टेडीशॉटची सेटिंग ऑटोवरून मॅन्युअलवर न्या. लेन्सवर छापलेला आकडाच भरा, एपीएस-सीसाठी दीडपट करू नका. फोकल रिड्यूसर असेल तर मात्र गुणून भरा: ५० चे ३५. झूम असेल तर ज्या आकड्यावर काढताय तो भरा. लेन्स बदलली आणि आकडा बदलायचा राहिला तर स्टॅबिलायझर चुकीच्या प्रमाणात सेन्सर हलवतो आणि त्याच्याचमुळे फोटो हलतो. हे सेटिंग एखाद्या मोकळ्या बटणावर ठेवा.

इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन (शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवणारी सेटिंग) बंद करा. एफ १.४ किंवा १.८ ला जलद शटरवर ती सुरू असली की पार्श्वभूमीतले प्रकाशगोल कापल्यासारखे दिसतात, आणि कॅमेऱ्याला लेन्सची माहिती नसल्याने फ्रेमचा उजेड असमान होतो.

मोड ॲपर्चर प्रायॉरिटी. ॲपर्चरचा आकडा पडद्यावर येणार नाही, पण कॅमेऱ्याचा उजेडमापक प्रत्यक्ष येणारा उजेडच मोजतो, त्यामुळे एक्स्पोजर बरोबर येतं. ऑटो आयएसओत किमान शटर ५० च्या लेन्सला १/१२५, १३५ ला १/२५० ठेवा.

फोकस

फोकस पीकिंग (स्पष्ट कडा पडद्यावर रंगवून दाखवणारी सोय) सुरू करा, रंग लाल, पातळी कमी. पातळी जास्त ठेवली की अर्धी फ्रेम लाल होते आणि नेमकं काय स्पष्ट आहे ते कळत नाही. ॲपर्चर एफ ४ पेक्षा जास्त उघडं असेल तर पीकिंगवर विसंबू नका. ते उजेड-अंधाराच्या फरकाच्या कडा रंगवतं, आणि जुनी लेन्स पूर्ण उघडी असताना त्या कडा मऊच असतात. तिथे मॅग्निफायर हवाच. त्याचं बटण अंगठ्याखाली ठेवा, डोळ्याच्या पापणीवर फ्रेम मोठी करा, रिंग थोडी पुढे नेऊन परत आणा, सर्वांत स्पष्ट जागी थांबा आणि लगेच शटर दाबा. श्वास घेताना माणूस दोन सेंटिमीटर पुढे-मागे होतो, आणि पूर्ण उघड्या ॲपर्चरला जवळून तेवढंच पुरतं.

एफ ८ ला काढायचं असेल तर पूर्ण उघडून फोकस करा, मग बंद करा. अपवाद काही जुन्या एफ १.४ लेन्सचा: त्यांचा फोकस ॲपर्चर बंद करताना सरकतो, म्हणून एफ २ ते ४ मध्ये ज्या ॲपर्चरला काढायचं त्यालाच फोकस करा.

तुळशीबागेच्या किंवा मंडईच्या गर्दीत फोकस करायला वेळच नसतो. तिथे २८ ची लेन्स, फुल फ्रेम, एफ ८, आणि फोकस ३.३ मीटरवर ठेवून द्या. साधारण १.७ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. आणि इथेच पातळ ॲडॉप्टर नडतो. तो ०.१ मिलिमीटरने पातळ असेल तर खूण ३.३ वर असताना लेन्स प्रत्यक्षात ५.६ मीटरवर फोकस करते. समोरचा भाजीवाला मऊ, मागची कमान स्पष्ट. अंतराच्या आकड्यांवर काम करायचं असेल, तर पितळी पत्र्याचा तो उद्योग आधीच उरकून घ्या.

काय बिघडतं आणि का

बॅकलाइटमध्ये फोटो पांढरा पडतो, कारण जुन्या लेन्सचं कोटिंग एकपदरी किंवा साधं असतं. रबरी हूड लावा. हेलिओस ४४-२ आणि बऱ्याच टाकुमारना ४९ मिलिमीटरचा, निकॉनच्या ५० ला ५२ चा. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर हूड तर हवाच, पण शटरही यांत्रिक ठेवा आणि वेग १/५० किंवा १/१००. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, इलेक्ट्रॉनिक शटरवर एलईडीचे पट्टे उमटतात.

एफ ११ च्या पुढे फ्रेमच्या मधोमध फिकट निळसर ठिपका दिसत असेल, तर सेन्सरवरून परतलेला उजेड लेन्सच्या मागच्या सपाट काचेवर आदळून पुन्हा येतो आहे. फिल्म मॅट असायची, सेन्सर चकचकीत आहे. एफ ८ वर थांबा. रेंजफाइंडरच्या २८ मिलिमीटर किंवा त्याहून वाइड लेन्सना सोनीवर कोपरे पसरट आणि जांभळट येतात. त्यांची मागची काच सेन्सरच्या फार जवळ असते आणि किरणं फार तिरकी पडतात. ॲडॉप्टर बदलून हे सुटत नाही. त्याच रुंदीची एसएलआर लेन्स घ्या.

हेलिओसची प्रसिद्ध गरगरणारी पार्श्वभूमी मिळत नसेल तर लेन्स बरोबर आहे, मांडणी चुकते आहे. माणूस दीड-दोन मीटरवर, त्याच्यामागे चार-पाच मीटरवर उन्हात चमकणारी पानं, ॲपर्चर एफ २. एम्प्रेस गार्डनमधली दाट झाडी यासाठी उत्तम. एपीएस-सीवर गरगर कमी दिसते, कारण ती फ्रेमच्या कडेला असते आणि तोच भाग कापला जातो.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर लेन्स हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तापकीर गल्लीत असे छोटे मापक सापडतात. आकडा ४० ते ५० टक्क्यांत हवा. ६० च्या वर राहिला तर बुरशी धरते, ३० च्या खाली ग्रीस सुकायला लागतं. जेलचे दाणे रंग बदलले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून, गार करून परत वापरा. बुरशी दिसलेली लेन्स साफ होईपर्यंत वेगळ्या डब्यात. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक लेन्स बाहेर काढा, फोकस आणि ॲपर्चरच्या रिंगा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सहा वेळा फिरवा, आणि दोन्ही बाजूंची झाकणं कोरडी असल्याची खात्री करून मगच लावा.